सशांची स्थळं पाहताना: जोडी जुळवून देणाऱ्या केंद्रांची सेवा कितपत कामाची?

जोडीतला एक ससा गेला की मागे उरलेल्यासाठी दुसरा आणायचे चार रस्ते असतात. दुकानातून पिल्लू उचलायचं. 'ससा देऊन टाकायचा आहे' अशी कुणाची जाहिरात दिसली की तो घरी आणायचा. आपला ससा घेऊन निवारा केंद्रात जायचं आणि तिथल्या एकेका सशाशी त्याची भेट घडवून बघायची. नाहीतर आपला ससा काही दिवस केंद्रातच मुक्कामाला ठेवायचा आणि जमलेली जोडीच घरी आणायची. हा आढावा मुख्यतः शेवटच्या दोन सेवांचा आहे. निकाल आधीच सांगून टाकू: भेटीच्या सेवेला पाचपैकी साडेचार, मुक्कामी बाँडिंगला, म्हणजे केंद्रातच ठेवून जोडी जमवण्याला, साडेतीन, दुकानाला एक. जाहिरातीतल्या सशाला गुणच देता येत नाहीत, तिथे सगळा नशिबाचा भाग. मुक्कामी सेवा जास्त महाग आणि जास्त सोयीची असूनही तिला गुण कमी का, ते पुढे येईलच.

या सेवेत खरी किंमत दोन गोष्टींची असते. जोडीदार तुमचा ससा निवडतो, आणि नाही जमलं तर आणलेला ससा केंद्र परत घेतं. यातली एकही गोष्ट नसेल तर केंद्र कितीही चकाचक असो, ते दुकानच समजा.

केंद्राचा पहिला प्रश्न

चांगलं केंद्र फोनवर सगळ्यात आधी विचारतं, 'पहिला ससा कशाने गेला?' हा प्रश्न न विचारता थेट भेटीची वेळ देणाऱ्या केंद्राचा एक गुण तिथेच कापावा.

कारण सरळ आहे. पहिला ससा रक्तस्रावी रोगाने, म्हणजे आरएचडीने गेला असेल तर त्याचा विषाणू अंथरुणात, लाकडात, बुटांच्या तळव्यांना काही महिने टिकून राहू शकतो. हा रोग १९८४ साली चीनमध्ये पहिल्यांदा दिसला. २०१० मध्ये फ्रान्समध्ये त्याचा दुसरा प्रकार सापडला, तो लहान पिल्लांनाही सोडत नाही. बरेचदा ससा कोणतंही लक्षण न दाखवता रातोरात जातो आणि घरच्यांना वाटतं, हृदयविकाराने गेला असेल. अशा घरात लस न घेतलेला नवा ससा आणणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात नेऊन ठेवणं. मिक्सोमॅटोसिस या सशांच्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाचं वेगळं, तो डास आणि पिसवा पसरवतात. तिथे जाळ्या आणि पिसवांचा बंदोबस्त आधी. ई. क्युनिक्युली हा परजीवी लघवीवाटे पसरतो. मान वाकडी होणं, मागचे पाय लुळे पडणं ही त्याची ओळखीची लक्षणं, पण तो अंगात असूनही अनेक ससे आयुष्यभर ठणठणीत राहतात. रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तर ससा कधीतरी त्याच्या संपर्कात आला एवढंच कळतं, तो आजारी आहे असं नाही. हे समजावून सांगणारं केंद्र मिळालं तर ते हातचं सोडू नका.

दुसरा प्रश्न असतो, 'आत्ता आहे तो खातो का?' जोडीदार गेल्यावर काही ससे कोपरा धरून बसतात, काही घरभर त्याला शोधत हिंडतात, काही एकाएकी चिडके होतात. काहींना तर फरक पडल्यासारखंही दिसत नाही. शक्य असेल तर मृत जोडीदाराजवळ त्याला तास-दोन तास राहू द्यावं. तो हुंगेल, चाटेल, अंगावरून उडी मारेल किंवा पाठ फिरवून निघून जाईल. त्यानंतर बऱ्याच सशांचं शोधत फिरणं कमी होतं. पण बारा तास खाणं बंद किंवा लेंड्या बंद झाल्या तर त्याला दुःख म्हणून सोडून देऊ नका. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं, ते थांबलं की जिवावर बेततं. 'उदास आहे, उद्या खाईल' या वाक्यापायी दुसराही ससा गमावलेली घरं कमी नाहीत. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पहिला आठवडाभर रोज एकाच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा. भेटीच्या दिवशी हा कागद सोबत न्या, केंद्रातल्या माणसाला त्यातून बरंच कळतं.

किती दिवस थांबायचं, हा प्रश्न सगळेच विचारतात. सशाला सुतक पाळायचं नसतं. तो नीट खातोय, वजन स्थिर आहे, पशुवैद्याने संसर्गाची शंका काढून टाकली आहे, एवढं झालं की केंद्राची वेळ घ्यायला हरकत नाही. माणसाची तयारी झाली का, तो प्रश्न वेगळा. तोही खरा आहे, पण सशाच्या वेळापत्रकाशी त्याची गल्लत करू नये.

उमेदवार कोणता

सगळ्यात सहज जमते ती नसबंदी झालेला नर आणि नसबंदी झालेली मादी यांची जोडी. दोन माद्या किंवा दोन नर जमतात, पण वेळ जास्त लागतो आणि पुढे बिनसण्याची शक्यताही जास्त. नसबंदी दोघांची हवी, एकाची पुरत नाही. बरेच जण म्हणतात, 'नराची झाली आहे, मग पिल्लं होणार नाहीत, मादीचं ऑपरेशन कशाला?' यात गोम अशी की मादीचं बीज समागमाच्या चेतनेने सुटतं. नसबंदी झालेला नरही तिच्या अंगावर चढतो, तेवढ्याने बीज सुटतं आणि तिला खोटी गर्भधारणा होते. मग ती सोळा-अठरा दिवस छातीचे केस उपटून घरटं करते, कोपरा राखते आणि जवळ येणाऱ्या जोडीदाराला फोडून काढते. चांगली जमलेली जोडी अशी मोडते आणि दोष नराला लागतो. शिवाय नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये चार वर्षांच्या पुढे गर्भाशयाचा कर्करोग बऱ्याच प्रमाणात आढळतो, म्हणजे ऑपरेशनचं कारण जोडीपुरतं नाही. मादी म्हातारी असेल तर भूल झेपेल का, हे मात्र पशुवैद्याशी बोलूनच ठरवायचं.

ऑपरेशननंतर लगेच भेट ठरवणारं केंद्र टाळा. नर त्यानंतरही सहा आठवड्यांपर्यंत पिल्लं देऊ शकतो, आणि दोघांचेही हार्मोन निवायला चार ते सहा आठवडे जातात. 'तुमच्या सशाची नसबंदी झालेली नाही, आम्ही भेट घडवणार नाही' असं तोंडावर सांगणारं केंद्र उद्धट वाटतं, पण गुण त्यालाच द्यावेत.

दुकानाला एकच गुण का, तेही इथेच सांगतो. दुकानात मिळतं ते पिल्लू. पिल्लाला मोठे ससे बहुधा सहन करतात, म्हणून पहिले काही आठवडे सगळं छान चालतं आणि माणसं समजतात की जोडी लागली. पिल्लू साडेतीन-चार महिन्यांचं होऊन वयात आलं की एका दिवसात युद्ध पेटतं. त्यातून दुकानदाराने सांगितलेलं लिंग चुकीचं निघण्याचं प्रमाण चांगलंच आहे. आठ आठवड्यांखालच्या पिल्लात ते ओळखणं सरावलेल्या हातालाही अवघड. नरात छिद्र गोल आणि नळीसारखं वर येतं, मादीत उभी चीर दिसते, आणि नराची वृषणं साधारण दहा-बारा आठवड्यांनी उतरतात. चूक झाली तर तीस-एकतीस दिवसांत पिल्लं, आणि मादी व्यायल्यादिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. काही दुकानं सोबतीला गिनीपिग सुचवतात. सशाच्या एका लाथेने गिनीपिगची हाडं मोडू शकतात, त्याला आहारातून जीवनसत्त्व क लागतं जे सशाला लागत नाही, आणि सशाच्या श्वसनमार्गात निवांत राहणारा बॉर्डेटेला हा जीवाणू गिनीपिगला न्यूमोनिया करतो. विषय संपला.

वय आणि स्वभाव यांची सांगड आकारापेक्षा महत्त्वाची. एक किलोचा बुटका आणि पाच किलोचा धिप्पाड यांचं मेतकूट जमलेलं असतं. सात वर्षांचा सांधे धरलेला ससा आणि वर्षाचा उड्या मारणारा यांचं जमणं कठीण. म्हाताऱ्या सशाला अंगावर चढलं की दुखतं, दुखलं की तो चावतो. रंगाचं तर काहीच नसतं. गेलेल्या सशासारखा दिसणारा शोधणारे खूप असतात, आणि ते समजण्यासारखं आहे, पण ससा ओळखतो वासावरून. सारखेपणा फक्त घरच्यांना दिसतो.

भेटीची सेवा: साडेचार

पद्धत अशी. तुमचा ससा आणि दोन-तीन उमेदवार यांची, जिथे यातला कुणीच राहिलेला नाही अशा जागेत एकेक करून भेट. जागा साधारण दोन मीटर लांब-रुंद असते. खाली न घसरणारी चटई हवी. गुळगुळीत फरशीवर सशाचे पाय फाकतात, तो घाबरतो आणि दुसऱ्याचा राग नसतानाही चावतो. आत दोन्ही बाजूंनी उघडा बोगदा किंवा दोन भोकं पाडलेलं खोकं, मध्ये सुक्या गवताचा मोठा ढीग. एकच तोंड असलेली लपायची जागा आत दिसली तर काढायला सांगा. आत अडकलेला ससा पळू शकत नाही, मग तो लढतो.

सांभाळणारा माणूस आत बसलेला हवा, जाळीबाहेर उभा नको. हातात जाड मोजे, शेजारी मध्ये सरकवायला फळी किंवा केराची सुपली. भांडण सोडवायला उघडा हात घालणारा माणूस नवखा आहे असं खुशाल समजा, सशाचे दात बोटाच्या हाडापर्यंत जातात. तो सशांना समोरासमोर नाकाला नाक लावून सोडत नाही, शेजारी-शेजारी सोडतो. सशाला अगदी नाकासमोरचं दिसत नाही, त्यामुळे समोरून आलेला अनोळखी ससा त्याला दचकवतो.

प्रत्येक भेट दहा ते वीस मिनिटांची, आणि दोन भेटींमध्ये तुमच्या सशाला पाणी, गवत आणि शांत कोपरा. एका दिवसात तीनपेक्षा जास्त उमेदवार दाखवणाऱ्या केंद्राला घाई आहे. चौथ्या भेटीपर्यंत ससा इतका थकतो की कुणालाही काही म्हणत नाही, आणि त्यालाच पसंती समजलं जातं.

आता या वीस मिनिटांत काय बघायचं, ते जरा सविस्तर, कारण माणसं इथे सगळ्यात जास्त फसतात. पहिल्याच भेटीत एकमेकांना चाटणारे ससे दुर्मिळ. सगळ्यात आशादायक चिन्ह म्हणजे दुर्लक्ष. एकाने हुंगलं, दुसरा बाजूला झाला, दोघंही दोन टोकांना तोंड धुवायला लागले, थोड्या वेळाने एकाच ढिगातून गवत खायला लागले. बघणाऱ्याला कंटाळवाणं, पण याहून चांगली भेट क्वचितच होते. थोडा पाठलाग, एखादा केसांचा पुंजका उडणं, अंगावर चढणं हे चालतं. ही कुरघोडी आहे, यातून वरचढ कोण ते ठरतं. मागून चढलेल्याला काही सेकंद राहू द्यावं, मग हळूच उतरवावं. डोक्याच्या बाजूने चढला तर मात्र त्याच क्षणी उतरवायचं, कारण खालच्याच्या तोंडाशी वरच्याचं गुप्तांग येतं आणि एका चाव्यात कायमची इजा होते.

धोक्याची खूण वेगळी दिसते. कान मागे चिकटलेले, शेपूट ताठ वर, अंग ताणलेलं, आणि दोघं एकमेकांच्या शेपटीमागे गोल फिरायला लागतात. त्या गोलाचा वेग वाढला की पुढच्या क्षणाला ते एकमेकांच्या पोटात पाय रोवून गुंतलेले असतात, आणि मग सोडवायला उशीर झालेला असतो. जाणता माणूस दुसऱ्या फेरीतच फळी मध्ये सरकवतो. लोंबकळत्या कानांच्या सशांमध्ये कानांची खूण नीट वाचता येत नाही, तिथे शेपटीवर नजर ठेवायची.

दोन्ही ससे शेजारी माना खाली घालून बसलेत, हे दृश्य अनेकांना लोभस वाटतं. प्रत्यक्षात दोघंही 'तू मला चाट' असं म्हणत असतात आणि कुणीच माघार घेत नसतं. बराच वेळ असं चाललं की वैतागून एक जण चिमटा काढतो. तेवढ्याने उमेदवार बाद होत नाही.

गोठून बसणं म्हणजे शांत बसणं नव्हे, हेही लक्षात असू द्या. डोळे वटारलेले, अंग जमिनीला दाबलेलं, नाकपुड्या भराभर हलताहेत किंवा अजिबात हलत नाहीत, तो ससा घाबरलेला आहे. निवांत ससा एका कुशीवर पाय पसरतो. काही केंद्रं मुद्दाम भीती घालून जोडी लावतात: दोघांना एका खोक्यात घालून गाडीत फिरवतात, धुण्याच्या यंत्रावर ठेवतात, कुठे कुठे तर अंघोळ घालतात. भेदरलेले ससे एकमेकांना चिकटून बसतात आणि केंद्र म्हणतं, 'जमलं बघा!' भीती ओसरली की पहिले पाढे पंचावन्न. शिवाय ताणाने सशाचं आतडं बंद पडू शकतं, आणि अंघोळीने अंगाचं तापमान उतरून तो दगावू शकतो. असं केंद्र दिसलं की दोन गुण कापून आल्या पावली परत फिरा.

जाताना-येतानाची एक गोष्ट. ससा घामावाटे अंग थंड करू शकत नाही, जास्तीची उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. उन्हाच्या वेळेची भेट केंद्र देत असेल तर सकाळची मागा. खोक्यात रोजचं गवत आणि त्याच्याच वासाचं अंथरूण घाला.

मुक्कामी बाँडिंग: साडेतीन

इथे ससा साधारण आठवडाभर, कधी दोन आठवडे केंद्रात राहतो. रात्रीची जागरणं त्यांची, मोजे-फळी त्यांची, जागाही पूर्ण तटस्थ. घरात दुसरी खोली नसलेल्यांना, दिवसभर कामावर असणाऱ्यांना किंवा घरी एकदा प्रयत्न फसलेल्यांना ही सेवा खरोखर उपयोगी आहे. जोडी जमली म्हणजे काय, याची व्याख्या मात्र विचारून घ्या. दोघं सलग २४ ते ४८ तास एकत्र, रात्र धरून, पाठलाग न करता, एकाच ट्रेमध्ये लघवी आणि एकाच ढिगातून खाणं, हे किमान. 'दिवसा एकत्र असतात, रात्री वेगळे ठेवतो' ही जमलेली जोडी नाही.

दीड गुण कापला तो शेवटच्या टप्प्यासाठी. केंद्राच्या जमिनीवर जमलेली जोडी तुमच्या घराच्या जमिनीवर मोडते, कारण घर तुमच्या सशाचं आहे. तिथल्या प्रत्येक कोपऱ्यावर त्याने हनुवटी घासून वास लावलेला आहे, लाकडात गेलेल्या जोडीदाराची लघवी मुरलेली आहे. नवा ससा दारातून आत येताच पाहुणा होतो. बरीच केंद्रं जोडी हातात देतात आणि काम संपलं म्हणतात. खरं तर पहिले पंधरा दिवस त्यांनी फोनवर उपलब्ध असायला हवं, आणि मोडलीच तर पुन्हा एक फेरी फीमध्येच धरलेली हवी. हे लेखी मिळालं तर अर्धा गुण परत द्यायला आमची ना नाही.

घरच्या बाजूने करायचं ते असं. जोडी येण्याआधी सगळी जागा पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसून घ्या, लघवी मुरलेलं लाकूड आणि चटया बदला, ट्रे, खोकी आणि बोगदे यांच्या जागा हलवा. केंद्रातून दोघांना एकाच खोक्यात आणा आणि त्यांचं वापरलेलं अंथरूण, अर्धवट भरलेला ट्रे तसाच सोबत मागून घ्या. तो वास दोघांचा असतो. घरी पहिल्या दिवशी पूर्ण जागा देऊ नका. केंद्रात होती तेवढीच, जाळीने आखून द्या आणि सगळं शांत असेल तर दर दोन-तीन दिवसांनी थोडी वाढवा. घाईने जागा वाढवणं हे जोडी मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण. शेवटी दोघांना मिळून किमान तीन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा आणि मागच्या पायांवर उभं राहता येईल अशी मीटरभर उंची हवी. ट्रे दोनाऐवजी तीन, पाण्याची भांडी दोन, आणि गवत एवढं की राखण करण्यात अर्थच उरू नये.

आजारी किंवा फार म्हाताऱ्या सशाला मुक्कामी ठेवू नका. अनोळखी वास, इतर प्राण्यांचे आवाज आणि बदललेला दिनक्रम, याने तो खाणं सोडतो. ठेवतानाचं आणि नेतानाचं वजन कागदावर लिहून देणारं केंद्रच घ्या, आणि लसीच्या नोंदी दोन्ही बाजूंनी दाखवल्या जातात का ते बघा. नव्या सशाला किमान दोन आठवडे वेगळं ठेवून कानातले माइट (बारीक परजीवी किडे), कातडीवरचा कोंडा करणारे माइट आणि लेंड्यांतला कॉक्सिडिया हा आतड्याचा परजीवी तपासला आहे का, हे विचारलं तर चांगली केंद्रं रागावत नाहीत, कागद काढून दाखवतात.

फॉस्टरवर घरी आणून जमवणं

काही केंद्रं भेटीत पसंत पडलेला ससा फॉस्टरवर, म्हणजे स्वतःच्याच नावावर ठेवून तात्पुरता सांभाळायला, देतात आणि बाँडिंग घरी करायला सांगतात. मेहनत तुमची, पण ससा स्वतःच्या घरात राहतो आणि परतीची सोय असते. साडेचारची सेवा घेणाऱ्यांसाठी हीच पुढची पायरी.

दोन जाळीचे कप्पे शेजारी, मध्ये पाच ते दहा सेंटिमीटरची फट. एकाच जाळीच्या दोन बाजूंना ठेवले तर जाळीतून नाकाचे आणि ओठांचे लचके तुटतात, आणि तो हिशोब सशाच्या डोक्यात राहतो. जाळी निदान पाऊण मीटर उंच हवी, उडी मारणाऱ्याला त्याहून जास्त. रोज एकमेकांचे ट्रे आणि अंथरुणं बदलायची, खाणं फटीच्या जवळ ठेवायचं. दोघंही फटीजवळ आपणहून पसरायला लागले की भेटी सुरू करायच्या. त्याआधी नाही, मग त्याला चार दिवस लागोत की चार आठवडे.

भेट घरातल्या अशा जागेत, जिथे तुमचा ससा कधी गेलेला नाही. सुरुवातीला दहा मिनिटं, रोज. चांगलं चाललेलं असतानाच थांबवायचं. भांडणापर्यंत ताणलं तर शेवट भांडणाचा होतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात होते. त्याच कोपऱ्यात हनुवटी घासणं वाढलं तर जागा आता तटस्थ राहिलेली नाही, बदला. तास-दोन तास निर्विघ्न जायला लागले की सुट्टीचे दोन दिवस बघून सलग एकत्र ठेवा आणि जवळच झोपा.

प्रत्येक भेटीनंतर अंग तपासायचं: कानांच्या कडा, नाक, पाठ, ढुंगण, गुप्तांग, केस बोटांनी विंचरत. सशाची कातडी पातळ, केस दाट, रक्त वरून दिसत नाही. चाव्याची बारीक टोचही नंतर गळू होते. सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो, तो आपोआप वाहून जात नाही, बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागते. म्हणून रक्त निघालं की भेटी थांबवा, पशुवैद्याला दाखवा आणि पुन्हा फटीच्या पायरीवर या. तीनदा रक्त निघालं तर तो उमेदवार परत करा. परत करण्यात कमीपणा नाही, परतीची अट त्यासाठीच घेतलेली असते.

जोडी लागल्यावर दोघांना पशुवैद्याकडेही एकत्रच न्यायचं. एकटा जाऊन दवाखान्याचा वास घेऊन आलेला ससा दुसऱ्याला परका वाटतो आणि जमलेली घडी विस्कटते. आणखी एक तोटा: दोघांच्या लेंड्या एकाच ट्रेमध्ये पडायला लागल्या की कुणाच्या बंद झाल्या ते कळत नाही. आठवड्याला वजन आणि दोघांना वेगवेगळ्या हातांनी पाला भरवून कोण खातो ते बघणं, याला पर्याय नाही.

अर्धा गुण कुठे गेला

भेटीच्या सेवेचा अर्धा गुण उमेदवारांच्या संख्येपायी गेला. नसबंदी झालेले, लस घेतलेले, एकटे असलेले ससे एका केंद्रात एका वेळी दोन-तीनच असतात, कधी एकही नसतो. नाव नोंदवून थांबावं लागतं. तेवढ्या काळात सशाजवळ जमिनीवर बसून वेळ घालवा, रोजच्या वेळा पाळा, झोपायच्या जागी सशाच्या आकाराचं मऊ खेळणं ठेवून बघा. काही ससे त्याला चाटतात, काही ढुंकून बघत नाहीत. टाके उसवून आतला कापूस खाणाऱ्याकडून ते लगेच काढून घ्या.

म्हाताऱ्या सशाच्या घरच्यांनी केंद्राला कायमच्या फॉस्टरबद्दल विचारावं. त्यात दुसरा ससा केंद्राच्याच नावावर राहतो, आणि तुमचा ससा गेल्यावर तो परत जातो. नाहीतर एक गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा, हे चक्र थांबत नाही. ही सोय बरीच केंद्रं विचारल्याशिवाय सांगत नाहीत, म्हणून अर्ज भरतानाच विचारा, आणि अशा सशाच्या दवाखान्याचा खर्च कुणी करायचा ते त्याच कागदावर लिहून घ्या.